उत्तरेची गोठलेली भूमी आणि तिच्यातील मिथेन



उत्तर ध्रुवाकडील प्रदेश हा मराठी श्रोत्यांना अगदीच परका विषय नव्हे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून दीर्घ रात्रींचा व दीर्घ उषःकालांचा तो प्रदेश आपल्याकडील सुशिक्षितांच्या बोलण्यात येत राहिला. त्या ग्रंथातील सिद्धान्ताविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांत आज शिरावयाचे नाही. लोकमान्यांच्या दृष्टीपुढे त्या प्रदेशाचा भूतकाळ होता. आज जगापुढे जो प्रश्न उभा आहे तो त्याच प्रदेशाच्या भविष्यकाळाचा आहे, आणि वाऱ्याला सीमा नसल्यामुळे तो आपल्याही भविष्यकाळाचा आहे.

प्रश्न असा : सायबेरिया, अलास्का आणि कॅनडा येथील हजारो वर्षे गोठून राहिलेली जमीन आता वितळू लागली आहे. ती वितळली की तिच्यातून कार्बन डाय-ऑक्साइड आणि मिथेन हे वायू बाहेर पडतात. या वायूंमुळे पृथ्वी अधिक तापते, आणि पृथ्वी अधिक तापली की जमीन अधिक वितळते. हे चक्र कोठे थांबावयाचे, आणि ते थांबविणे माणसाच्या हाती आहे की नाही?

या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, हा जमिनीखाली पुरलेला बाँब आहे, तो फुटणार आणि सर्व संपणार. दुसरे म्हणते, कोठे तो सायबेरिया आणि कोठे आपण. तेथील चिखलाची चिंता आपण का वाहावी? ही दोन्ही मते दिसावयास उलट असली तरी त्यांचा परिणाम एकच होतो. दोन्हींत माणूस हातावर हात ठेवून बसतो. म्हणून भीतीही बाजूला ठेवू आणि बेफिकिरीही बाजूला ठेवू, आणि वस्तुस्थिती काय आहे ते क्रमाने पाहू.

गोठलेली भूमी म्हणजे काय?

पूर्व सायबेरियात लेना नदीच्या काठी याकुत्स्क नावाचे शहर आहे. तेथे फ्योदोर शेर्गिन नावाच्या एका व्यापाऱ्याने १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणावयास आरंभ केला. आपल्याकडे विहीर खणताना आधी माती, मग मुरूम, मग खडक आणि नशीब असेल तर पाणी लागते. शेर्गिनला लागली ती दगडासारखी गोठलेली माती, आणि तिच्याखाली पुन्हा गोठलेली माती. १८३७ पर्यंत तो खणत राहिला. विहीर सुमारे ११६ मीटर खोल गेली, तरी गोठलेल्या मातीचा तळ लागला नाही. पाणी मिळाले नाही. परंतु शास्त्राला एक अमोल विहीर मिळाली. पुढे १८४० नंतरच्या दशकात मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने तिच्यात निरनिराळ्या खोलीवर उष्णतामापक ठेवून मोजमापे घेतली, आणि जमीन इतक्या खोलवर गोठलेली असते ही गोष्ट युरोपातील विद्वानांना मान्य करावी लागली.

या भूमीला इंग्रजीत 'पर्माफ्रॉस्ट' म्हणतात. व्याख्या साधी आहे : जी जमीन सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सिअस वा त्याखाली राहते ती पर्माफ्रॉस्ट. व्याख्येपुरती दोन वर्षे. प्रत्यक्षात बरीचशी जमीन हजारो वर्षांपासून गोठलेली आहे. सायबेरियात काही ठिकाणी तिची जाडी दीड किलोमीटरपर्यंत जाते. उत्तर गोलार्धात अशी भूमी सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक आहे.

मात्र ही भूमी म्हणजे हिमनदी नव्हे, की बर्फाचे पठारही नव्हे. वरून पाहिले तर तेथे शेवाळ आहे, गवत आहे, लार्च वृक्षांची अरण्येही आहेत. उन्हाळ्यात वरचा हात-दोन हात जाडीचा थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. झाडेझुडपे जगतात ती या थरावर. त्याच्या खाली जे आहे ते मात्र उन्हाळ्यातही गोठलेलेच राहते. निदान आजवर राहत असे.

आता तेथील हवेकडे पाहू. सायबेरियातील वेर्खोयान्स्क हे गाव थंडीसाठी जगप्रसिद्ध आहे. १८९२ साली तेथे शून्याखाली ६७.८ अंशांची नोंद झाली. त्याच गावात २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला, आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद तपासून मान्य केली. एका दिवसाच्या उष्म्यावरून हवामान ठरत नाही हे खरे. परंतु १९७९ पासूनच्या नोंदींवरून असे दिसते की आर्क्टिक प्रदेश सगळ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे.

जमिनीत साठले आहे काय?

आपल्याकडे पाला जमिनीवर पडला की एका पावसाळ्यात कुजून माती होतो. उष्णता आणि ओल असली की जंतूंना काम करावयास वेळ लागत नाही. उत्तरेत तसे होत नाही. तेथील उन्हाळा इतका आखूड की कुजण्याचे काम अर्धवट राहते, आणि तोच थंडी येते. वर्षानुवर्षे नवी माती, नवे गवत, नवी मुळे वर साचत जातात आणि खालचा थर गोठलेल्या भागात जाऊन बंद होतो. हजारो वर्षे असे चालत राहिले, आणि त्या जमिनीचे एक प्रचंड शीतगृह बनले.

हे शीतगृह किती चोख आहे याचे एक उदाहरण सांगतो. कोलिमा नदीच्या काठी खारीच्या जातीच्या एका प्राण्याने आपल्या बिळात साठविलेली फळे गोठलेल्या मातीत सापडली. ती सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीची होती. रशियन शास्त्रज्ञांनी त्यांतील पेशींपासून रोपे वाढविली, ती फुलली, आणि त्यांना बीजही धरले. ही हकीकत २०१२ साली प्रसिद्ध झाली.

या भूमीत वनस्पती आणि प्राणी यांच्या अवशेषांच्या रूपाने जो कार्बन साठला आहे, त्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज १,४६० ते १,६०० अब्ज टन असा आहे. आज पृथ्वीच्या सगळ्या वातावरणात जेवढा कार्बन आहे त्याच्या हे प्रमाण जवळजवळ दुप्पट भरते. निसर्गाने हजारो वर्षे थोडी थोडी करून टाकलेली ही ठेव आहे. ठेवीचा एक विशेष असा की ती मोडावयास फार वेळ लागत नाही. पुन्हा उभी करावयास मात्र पिढ्या जातात.

वितळल्यावर काय घडते?

शीतगृहाची वीज गेली म्हणजे आतील माल कुजू लागतो. येथेही तेच होते. जमीन वितळली की जंतू जागे होतात आणि हजारो वर्षे ताटकळलेले कुजण्याचे काम पुढे सुरू होते. परंतु त्यातून कोणता वायू बाहेर पडावयाचा हे एका गोष्टीवर अवलंबून असते : तेथे हवा आहे की नाही.

ज्यांनी शेणखताचा उकिरडा आणि गोबर गॅसची टाकी ही दोन्ही पाहिली आहेत त्यांना हे समजावयास अडचण पडू नये. शेण तेच. उघड्यावर, हवेच्या संगतीत कुजले की त्यातून मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. तेच शेण पाण्यात कालवून बंद टाकीत ठेवले, म्हणजे हवेशी त्याचा संबंध तोडला, की निराळ्या जातीचे जंतू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. त्यावर आपल्याकडे चुली पेटतात. उत्तरेत जमीन वितळून पाण्याचा निचरा झाला तर तेथे उकिरड्याचा प्रकार होतो. पाणी तुंबून दलदल किंवा तळे झाले तर गोबर गॅसच्या टाकीचा. अलास्का आणि सायबेरिया येथील अशा तळ्यांतून हिवाळ्यात बर्फाखाली वायूचे पांढरे बुडबुडे थरावर थर अडकलेले दिसतात. बर्फाला भोक पाडून काडी लावली तर ज्वाला उठते.

या दोन वायूंत फरक काय? मिथेन अधिक जहाल, परंतु अल्पायुषी. वजनास वजन धरले तर वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन हा कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांच्या मुदतीत हे प्रमाण २७ ते ३० पटींवर येते. याचे कारण असे की मिथेन हवेत सरासरी बारा वर्षे टिकतो आणि मग त्याचे विघटन होते, तर कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके राहतो. मिथेन हा गवताच्या आगीसारखा आहे, भडकतो आणि विझतो. कार्बन डाय-ऑक्साइड हा राखेखालच्या निखाऱ्यासारखा आहे. हा भेद लक्षात ठेवावा. उपायांचा विचार करताना तो उपयोगी पडणार आहे.

जमीन वितळण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एक सावकाश : दर उन्हाळ्यात वितळणारा थर थोडा थोडा खोल जातो. दुसरी एकदम : ज्या मातीत शुद्ध बर्फाचे मोठे थर असतात तेथे बर्फ वितळताच आधार नाहीसा होऊन जमीन खचते, कडे कोसळतात, नवी तळी बनतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे अशी खचणारी भूमी एकंदर प्रदेशाच्या एक पंचमांशाहून कमी असेल; परंतु साठलेल्या कार्बनपैकी निम्म्या भागाला तिची झळ लागू शकते.

याकुतियातील बातागाय्का येथील दरी हे या दुसऱ्या तऱ्हेचे ठळक उदाहरण होय. १९६० नंतरच्या दशकात तेथील अरण्याचा एक पट्टा तोडला गेला. झाडांची सावली गेली, शेवाळाचे पांघरूण गेले, आणि जमीन खचू लागली. आज ती दरी सुमारे एक किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ५० मीटरांहून अधिक खोल आहे, आणि दरवर्षी वाढत आहे. तिच्या तळाशी उघड्या पडलेल्या गोठलेल्या थराचे वय शास्त्रज्ञांनी सुमारे साडेसहा लाख वर्षे ठरविले. एवढ्या काळात पृथ्वीवर उष्ण युगे आली आणि गेली, तरी वरचे पांघरूण शाबूत होते म्हणून तो थर टिकला. ते पांघरूण काढले, आणि साठ वर्षांत जमीन उघडी पडली.

भय किती धरावे?

आता त्या बाँबच्या कल्पनेकडे वळू. गोठलेल्या भूमीतून आणि समुद्रतळातून मिथेनचा प्रचंड लोट एकाएकी उसळेल, हे भय गेल्या काही वर्षांत पुष्कळ पसरले. यास पुराव्याचा आधार किती?

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातील हिमनदीतून प्राचीन बर्फ काढला आणि त्यात अडकलेल्या हवेतील मिथेन तपासला. मागील हिमयुग संपून पृथ्वी तापू लागली तेव्हा जुन्या साठ्यांतून किती मिथेन बाहेर आला, हे त्यांना पाहावयाचे होते. उत्तर मिळाले ते असे की असा मिथेन फारच थोडा होता. समुद्रतळाशी बर्फात बांधला गेलेला जो मिथेन आहे, त्याचा या शतकात लक्षात येण्याजोगा परिणाम होण्याचा संभव फार कमी, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय हवामान मंडळानेही २०२१ च्या अहवालात दिला. याची कारणेही समजण्यासारखी आहेत. उष्णता जमिनीत खोल उतरावयास फार काळ घेते. आणि वरच्या कोरड्या मातीत मिथेन हेच ज्यांचे अन्न असे जंतू राहतात, ते बराच वायू वाटेतच फस्त करतात. सारांश, बाँब हा शब्द येथे लागू पडत नाही.

मग निर्धास्त व्हावे काय? मुळीच नाही. त्याच अहवालात असा हिशेब दिला आहे की पृथ्वीच्या तापमानातील दर एका अंशाच्या वाढीमागे या शतकाअखेरपर्यंत गोठलेल्या भूमीतून कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने सुमारे १८ अब्ज टन कार्बन बाहेर पडेल. हा आकडा ३ इतका लहान किंवा ४१ इतका मोठाही असू शकतो. मिथेनचा परिणाम त्याच मापाने मोजला तर आणखी सुमारे ३ अब्ज टनांची भर पडते. आज सगळे जग कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून वर्षाकाठी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडते. म्हणजे दर अंशामागे ही भूमी सगळ्या मानवजातीच्या दोन वर्षांच्या धुराइतकी भर घालणार.

ही कर्जावरील व्याजाची तऱ्हा झाली. व्याज एका रात्रीत घर बुडवीत नाही. परंतु सावकाराच्या वहीत ते मांडलेले असते. ऋणकोच्या वहीत ते नसले म्हणून चुकत नाही. देशोदेशींची सरकारे आपण किती धूर काढतो आणि किती कमी करणार याचे आकडे मांडतात; या भूमीचा धूर कोणत्याच देशाच्या खात्यावर पडत नाही. शिवाय हे व्याज शतकाअखेर थांबत नाही, पुढेही चालू राहते. अमेरिकेच्या हवामान संस्थेने २०२४ च्या आर्क्टिक अहवालात सांगितले की वणव्यांचा धूर हिशेबात धरला तर तेथील टुंड्रा प्रदेश आता कार्बन साठविणारा राहिला नसून कार्बन सोडणारा बनला आहे. ठेव मोडावयास आरंभ झाला आहे, असा याचा अर्थ.

तेथे माणसे राहतात

आकड्यांच्या गर्दीत एक गोष्ट नजरेआड होते. त्या भूमीवर माणसे राहतात. एकट्या याकुत्स्क शहरात तीन लाखांहून अधिक लोक राहतात. अलास्कातील न्यूटॉक या लहानशा गावाखालची जमीन वितळून नदीकाठ खचत गेला, घरांपर्यंत पाणी आले, आणि शेवटी यूपिक जमातीच्या त्या लोकांना गाव सोडावे लागले. २०१९ पासून ते मेर्तार्विक या नव्या वस्तीत जाऊ लागले. २०२४ च्या अखेरीस हे स्थलांतर पुरे झाले. धरणाखाली गाव जाणे म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. येथे धरण नव्हते; पायाखालची जमीनच गेली.

रशियातील यामाल द्वीपकल्पात २०१६ च्या कडक उन्हाळ्यात अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे गुरांना होणारी काळपुळी, हा रोग उद्भवला. जुन्या मृत जनावरांतील रोगबीजे वितळलेल्या जमिनीतून वर आली असावीत, असे मानले जाते. दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले आणि एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. रेनडिअरांना टोचण्याची पद्धत त्यापूर्वी, २००७ साली, बंद करण्यात आली होती. २९ मे २०२० रोजी नोरिल्स्क येथे तेलाची एक मोठी टाकी फुटून सुमारे २० हजार टन डिझेल जमिनीत आणि नद्यांत वाहून गेले. टाकीखालची गोठलेली जमीन सैल झाली हे एक कारण पुढे आले. देखभालीतील हयगय हे दुसरे. दोन्ही प्रकरणांत निसर्गाच्या बदलाला माणसाच्या निष्काळजीपणाची जोड मिळाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

उपाय कोणते?

पहिला उपाय इमारती आणि रस्ते यांच्या रक्षणाचा. याकुत्स्क येथे मोठ्या इमारती खोल रोवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, जमिनीपासून उंच बांधतात, म्हणजे घराची ऊब जमिनीत न उतरता खालून वारा खेळतो. अलास्कातील १९७७ साली सुरू झालेली तेलवाहिनी सुमारे १,२९० किलोमीटर लांब आहे, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग खांबांवर उचललेला आहे. त्या खांबांत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या बसविल्या आहेत. त्यांची युक्ती मोठी सुरेख आहे. हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा उबदार असते. त्या उबेने नळीच्या तळाचा द्रव उकळून त्याची वाफ वर जाते, वरच्या थंड पंख्यांजवळ तिचा पुन्हा द्रव होऊन तो खाली ओघळतो. जमिनीतील उष्णता अशी वर उपसली जाते. ना पंप, ना वीज. उन्हाळ्यात वरचा भाग गरम झाला की क्रिया आपोआप बंद पडते. २००६ साली पूर्ण झालेल्या तिबेटच्या रेल्वेमार्गाचा सुमारे ५५० किलोमीटर भाग गोठलेल्या भूमीवरून जातो. तेथेही अशा नळ्या, सुट्या दगडांचे भराव आणि उंच पूल यांचा अवलंब केला आहे. हे उपाय गुणकारी आहेत, परंतु ते रस्त्यापुरते आणि घरापुरते. १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरांवर नळ्या कोण रोवणार?

दुसरा उपाय निसर्गाचे पांघरूण राखण्याचा. अरण्य तोडू नये, शेवाळाचा थर खरवडू नये, वणवे वेळीच आवरावेत, हे बातागाय्काच्या दरीने शिकविले आहे. याच दिशेने सेर्गेई झिमोव या रशियन शास्त्रज्ञाने १९९६ पासून कोलिमा नदीच्या मुखाकडे एक प्रयोग चालविला. हिमवर्षावाचा जाड थर जमिनीवर घोंगडीसारखा पसरतो आणि हिवाळ्याची कडक थंडी खाली उतरू देत नाही. घोडे, बायसन, रेनडिअर असे चरणारे प्राणी तेथे पुष्कळ असले तर ते गवतासाठी हिम उकरतील व तुडवतील, घोंगडी विरळ होईल आणि जमीन अधिक थंड होईल, असा त्याचा तर्क. थोड्या जागेत असा परिणाम दिसतो. परंतु साऱ्या सायबेरियावर असे कळप उभे करणे ही एका आयुष्याची गोष्ट नव्हे.

येथे एखादा श्रोता विचारील : मिथेन जळतो, तर तो गोळा करून वापरावा हे बरे नव्हे काय? कल्पना वाईट नाही. परंतु गोबर गॅसमध्ये वायू एका टाकीत कोंडलेला असतो, आणि येथे तो खंडाएवढ्या दलदलीतून बुडबुड्याबुडबुड्याने झिरपतो. ज्याला झाकण घालता येत नाही तो वायू गोळा करता येत नाही.

तेव्हा फिरून फिरून आपण एकाच ठिकाणी येतो. गोठलेली भूमी वितळू न देण्याचा खरा उपाय त्या भूमीवर करावयाचा नाहीच. तो जेथे धूर निघतो तेथे करावयाचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की पृथ्वीच्या तापमानात दर एका अंशाची कायमची वाढ झाली तर अखेरीस सुमारे ४० लाख चौरस किलोमीटर गोठलेली भूमी नाहीशी होईल. हे क्षेत्र भारताहून मोठे आहे. हेच गणित उलटे वाचले तर त्यात आशाही आहे. वाढ अंशाच्या दहाव्या हिश्शाने जरी रोखली, तरी सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर भूमी, म्हणजे महाराष्ट्राहून मोठा प्रदेश, गोठलेला राहील. 'आता सगळे हातचे गेले' असे म्हणण्याची वेळ या हिशेबात येतच नाही. दर दहाव्या हिश्शाला किंमत आहे.

येथेच मिथेनच्या अल्पायुष्याचा फायदा होतो. उत्तरेच्या वितळत्या भूमीचा मिथेन आपल्या हातात नाही. परंतु जगातील मिथेनपैकी सुमारे ६० टक्के माणसाच्या उद्योगांतून निघतो, आणि तो आपल्या हातात आहे. तेलविहिरींची आणि वायुवाहिन्यांची गळती, कोळशाच्या खाणी, कचऱ्याचे डोंगर, गुरे आणि पाण्याखालची भातशेती ही त्याची मुख्य उगमस्थाने. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ साली असा हिशेब मांडला की हा मिथेन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी केला तर १९४० नव्हे, २०४० नंतरच्या दशकापर्यंत सुमारे ०.३ अंश वाढ टळेल. गळती बंद करणे तर पुष्कळदा फायद्याचेच असते, कारण वाचलेला वायू विकता येतो. मात्र मिथेन आवरल्याने कार्बन डाय-ऑक्साइडची जबाबदारी टळत नाही. भडकलेले गवत विझविले म्हणून निखारा तसाच ठेवून चालत नाही.

२०२१ साली ग्लासगो येथे मिथेन ३० टक्क्यांनी घटविण्याची एक जागतिक प्रतिज्ञा झाली आणि पुढे दीडशेहून अधिक देश तीत सामील झाले. भारत सामील झाला नाही. आपला मिथेन मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या गुरांतून आणि भाताच्या खाचरांतून निघतो, तो चैनीचा नसून पोटाचा आहे, आणि मुख्य दोष कार्बन डाय-ऑक्साइडचा असता भार मिथेनवर ढकलू नये, अशी आपल्या सरकारची भूमिका आहे. तीत न्यायाचा अंश निश्चित आहे. तथापि कचऱ्याच्या डोंगरांना हे समर्थन लागू पडत नाही. मुंबईच्या देवनार येथील कचराभूमीला २०१६ साली लागलेल्या आगींचा धूर शहराने पाहिला आहे. ओला कचरा वेगळा करून त्याचा गॅस आणि खत करणे, आणि भाताच्या खाचरातील पाणी मधूनमधून आटू देऊन पुन्हा भरणे, या गोष्टींत कोणाच्या पोटावर पाय येत नाही.

आपला संबंध

भारताचे 'हिमाद्री' हे संशोधनकेंद्र २००८ सालापासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर काम करीत आहे, आणि ती बेटे गोठलेल्या भूमीचीच आहेत. त्याची व्यवस्था पाहणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था गोव्यात वास्को येथे आहे. त्याच बेटांवर जगातील पिकांचे बियाणे जपून ठेवणारे कोठार डोंगराच्या पोटात खोदले आहे. २०१६ च्या शरद ऋतूत अवेळी पाऊस आणि उष्मा यांमुळे त्याच्या प्रवेशमार्गात पाणी शिरले. बियाणे सुरक्षित राहिले, पण मार्गाची दुरुस्ती करावी लागली. आपल्या हिमालयातही लडाखसारख्या उंच भागांत गोठलेली जमीन आहे. ती सैल झाली तर दरडी आणि पाणी खाली आपल्याच माणसांवर येणार.

थोडक्यात सांगावयाचे ते असे. उत्तरेची गोठलेली भूमी हा बाँब नव्हे. ती एक जुनी ठेव आहे, आणि आपल्या उधळपट्टीमुळे ती मोडू लागली आहे. ती सगळी वाचविता येणार नाही. परंतु किती वाचवावयाची हे अजून ठरावयाचे आहे. जी जमीन एकदा वितळली ती आपल्या नातवंडांच्या हयातीत पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. जी अजून गोठलेली आहे तिचा निकाल मात्र सायबेरियात लागत नसून जगातील कोळशाच्या भट्ट्यांवर, तेलाच्या नळांवर आणि शहराशहरांच्या कचराभूमींवर लागत आहे. यांतील शेवटचे ठिकाण तर आपल्या नगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि तेथे काय चालते हे विचारण्याचा अधिकार या सभागृहातील प्रत्येकास आहे.